आयसीयूतल्या रुग्णाला प्रथिनं किती, कधी आणि कशी? नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

आयसीयूत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना भेटीच्या वेळेला नातेवाईक दाराशीच गाठतात, आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तेच प्रश्न पुन्हा येतात. ज्या शब्दांत ते विचारले जातात, साधारण त्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. सगळे प्रश्न प्रौढ रुग्णांविषयी आहेत. लहान मुलांचं गणित वेगळं असतं. तुमच्या रुग्णाचा नेमका आकडा त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याशी बोलताना काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हा खटाटोप.

१. बाबा बेशुद्ध आहेत, हातपायही हलवत नाहीत. मग त्यांना प्रोटीनची एवढी गरज कशाला?

झोपलेला माणूस आणि गंभीर आजारी माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निरोगी माणसाचा कडक उपास लांबला तर शरीर काटकसर करायला लागतं. चरबी जाळतं, स्नायूंना शक्यतो हात लावत नाही. सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), मोठा अपघात, तीव्र न्यूमोनिया अशा आजारांत ही काटकसर मोडते. जंतूंशी लढायला, जखम भरायला, रक्तातली साखर टिकवायला जो कच्चा माल लागतो तो शरीर स्वतःच्याच स्नायूंतून ओरबाडून घेतं. त्यात माणूस निपचित पडून असला की झीज आणखी वाढते.

ब्रिटनमधल्या ६३ आयसीयू रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफीनं मापं घेतली होती. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत स्नायूचा आडवा छेद (म्हणजे त्याची जाडी) सरासरी जवळपास १८ टक्क्यांनी आक्रसला होता, आणि ज्यांचे एकाहून जास्त अवयव निकामी झाले होते त्यांचा त्याहून जास्त. श्वास घ्यायला लागणारे स्नायूही झिजतात, म्हणूनच व्हेंटिलेटर काढताना त्रास होतो. प्रथिनं दिली म्हणून ही झीज पूर्ण थांबत नाही. पण ती मिळालीच नाहीत, तर दुरुस्तीसाठी सामान कुठून येणार?

२. सलाईन तर चोवीस तास चालू आहे. त्यातून ताकद मिळत नाही का?

नाही. हा गैरसमज इतका खोलवर रुजलेला आहे की मी तो दर आठवड्याला ऐकते. साध्या सलाईनच्या एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं आणि उष्मांक शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १७० उष्मांक. प्रथिनं दोन्हींत अजिबात नाहीत. बाटल्या चालू असतात त्या पाणी, क्षार आणि रक्तदाब सांभाळण्यासाठी आणि औषधं देण्यासाठी. शिरेतून खरोखरचं अन्न देण्याची पद्धत वेगळी आहे, ती प्रश्न १६ मध्ये सांगितली आहे.

३. नेमकं किती प्रोटीन लागतं? एक आकडा सांगा.

निरोगी भारतीय प्रौढासाठी आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली ठरवलेलं प्रमाण आहे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. आयसीयूतल्या रुग्णासाठी युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेनं २०१९ साली किलोमागे १.३ ग्रॅम हे लक्ष्य सांगितलं, तेही हळूहळू गाठायचं. अमेरिकेतल्या संघटनांनी २०१६ साली १.२ ते २ ग्रॅम असा पल्ला दिला आणि २०२२ मध्ये तोच कायम ठेवला. आपल्या भारतीय क्रिटिकल केअर सोसायटीच्या मार्गदर्शनातही १.२ ते २ हाच पल्ला आहे.

१.२ ते १.३ धरलं तर ६० किलोच्या माणसाला साधारण ७० ते ८० ग्रॅम. मी नातेवाइकांना हाच आकडा धरून चालायला सांगते. यातलं वजन मात्र आजारापूर्वीचं घ्यायचं. आयसीयूत अंगावर सूज येते, सात-आठ लिटर पाणी साठलेलं असू शकतं, आणि त्या पाण्याला प्रथिनं लागत नाहीत. त्यामुळे तुमच्याकडून सगळ्यात मोलाची माहिती कुठली मिळते, तर रुग्णाचं महिनाभरापूर्वीचं वजन आणि उंची. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर केलेलं वजन असलं तरी सांगा. लठ्ठ रुग्णांसाठी प्रश्न १२ पाहा, किडनीसाठी १०, भाजलेल्यांसाठी १८.

४. एवढी गरज आहे म्हणता, मग पहिल्या दिवशी ताशी फक्त २० मिली का देतात?

आधी तुमचा हिशोब बरोबर आहे हे मान्य करते. ताशी २० मिली म्हणजे दिवसाला ४८० मिली. साध्या फीडमध्ये, म्हणजे नाकातल्या नळीतून पोटात जाणाऱ्या पातळ अन्नात, १०० मिलीला ४ ग्रॅम प्रथिनं धरली तर जेमतेम १९ ग्रॅम. गरजेच्या पाव भाग.

तरीही सुरुवात अशीच करायची असते. आजार ऐन भरात असताना शरीर स्वतःच भरपूर साखर तयार करत असतं आणि ते बाहेरून बंद करता येत नाही. वरून पूर्ण खुराक ओतला तर साखर भडकते, पोट फुगतं, उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. याच काळात पेशी आपल्या आतला मोडका माल साफ करत असतात, आणि जास्त अन्नानं ती सफाई मंदावते असंही संशोधक मानतात.

फ्रान्समधल्या ६१ आयसीयूंमध्ये ३,०४४ रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२३ साली आला. सगळे रुग्ण व्हेंटिलेटरवर, घसरलेलं बीपी टिकवायची औषधं चालू. एका गटाला पहिले सात दिवस अगदी थोडं अन्न दिलं, किलोमागे ०.२ ते ०.४ ग्रॅम प्रथिनं. दुसऱ्याला १ ते १.३ ग्रॅम. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही, उलट कमी मिळालेल्या गटाला उलट्या-जुलाब कमी झाले आणि ते आयसीयूतून बाहेर पडायला थोडे लवकर तयार झाले.

यावरून कोणी उपाशीच ठेवा असं म्हणत नाही. पहिल्या ४८ तासांत नळीतून थोडं सुरू करायचं, आतड्याला काम द्यायचं, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून चढवत न्यायचं. बीपी अजिबात स्थिर नसेल तर फीड थांबवून ठेवणंच सुरक्षित. मला काळजी वाटते ती पहिल्या दिवसाच्या २० मिलीची नव्हे. आठव्या दिवशीही २० मिलीच चालू असेल तर मात्र तुम्ही जरूर विचारा.

५. जास्त दिलं तर लवकर बरे होतील ना? पैशाचा प्रश्न नाही, सगळ्यात भारी पावडर सांगा.

या प्रश्नामागचं प्रेम मला दिसतं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

बरीच वर्षं आम्हा आहारतज्ज्ञांनाही असंच वाटायचं. जुन्या नोंदी तपासल्या तर ज्यांना जास्त प्रथिनं मिळाली ते जास्त जगले असं दिसायचं. पण ज्यांची तब्येत मुळात बरी असते त्यांनाच अन्न जास्त पचतं. मग अन्नामुळे ते वाचले, की वाचणार होते म्हणून अन्न पचलं? हे ठरवायला चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात.

तसे अभ्यास गेल्या काही वर्षांत झाले. पहिला २०२३ मध्ये: १६ देश, ८५ आयसीयू, १,३०१ रुग्ण. एका गटाला किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त द्यायचं ठरलं, दुसऱ्याला १.२ किंवा कमी. रुग्णालयातून जिवंत घरी जायला लागणारा वेळ काही कमी झाला नाही. ज्यांच्या किडन्यांना दाखल होतानाच मार बसला होता आणि ज्यांचे अनेक अवयव ढासळलेले होते, त्यांचं जास्त प्रथिनांनी नुकसान झालं असावं असं दिसलं.

दुसरा २०२४ मध्ये, नेदरलँड्स आणि बेल्जियममधला, ९३५ रुग्णांचा. तिथे १.३ ग्रॅमची तुलना २ ग्रॅमशी केली. २ ग्रॅमवाल्यांचं पुढच्या सहा महिन्यांतलं जगणं, म्हणजे चालणं-फिरणं, वेदना, स्वतःची कामं, हे सगळं मिळून सरासरीनं खालावलेलं निघालं. पोटाच्या तक्रारीही जास्त. तिसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला, २०२५ सालचा, तीन हजारांहून अधिक रुग्णांचा. तिथे जास्त प्रथिनांच्या फीडनं काही फायदा दिसला नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. १.२ ते १.३ च्या आसपासचं लक्ष्य ठरवावं आणि ते रोज खरोखर पोटात जातंय ना हे पाहावं. २०२३ च्या त्या अभ्यासातही २.२ ठरवलेल्या गटाला प्रत्यक्षात सरासरी १.६ च मिळालं होतं आणि दुसऱ्या गटाला ०.९. कागद आणि पोट यांत इतकं अंतर पडतं. भारी पावडरीवर खर्च करण्यापेक्षा ते अंतर कमी करणं रुग्णाच्या जास्त कामाचं आहे. कसं, ते प्रश्न १४ मध्ये.

६. घरून वरणाचं पाणी, पेज, नारळपाणी, पायाचं सूप आणलंय. नळीतून द्याल का?

डबा घेऊन दाराशी उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं मला आजही जड जातं. पण यातून काय मिळतं ते पाहू.

वाटीभर घट्ट वरणाला साधारण ३० ग्रॅम डाळ लागते, तिच्यात ७ ग्रॅम प्रथिनं. वर तरंगणारं निवळ पाणी तेवढं घेतलं तर एक-दोन ग्रॅमच्या वर क्वचितच. मूठभर तांदळाच्या पेजेत दोन ग्रॅम. साबुदाण्याच्या खिरीत दूध घातलं असेल तेवढंच, साबुदाण्यात जवळपास काही नाही. नारळपाण्यात प्रथिनं नगण्य आणि पोटॅशियम भरपूर. किडनी बिघडलेल्या रुग्णाच्या हृदयाची लय त्यानं बिघडू शकते. पायाच्या सुपाला मोठा मान आहे, कोल्हापूरकडे मटणाच्या अळणीलाही (बिनतिखट पातळ रस्सा). पायाच्या सुपात जे दाटपणा आणतं ते जिलेटिन. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच (प्रथिनांचा एक घटक) नसतं, त्यामुळे एकट्या जिलेटिनवर स्नायू घडत नाही. अळणी पातळ असेल तर प्रथिनं मटणाच्या तुकड्यांत राहतात आणि पाण्यात चव उतरते.

असे चार-पाच डबे दिवसभर दिले तरी १५ ग्रॅमही होत नाहीत, आणि पोट मात्र पाण्यानं भरतं. गाळलेल्या पातळ पदार्थाचेही कण नळीत अडकतात. नळी बदलायची म्हणजे नाकाला पुन्हा त्रास, पुन्हा एक्स-रे, आणि तोवर फीड बंद.

तुमच्या हातच्या अन्नाची वेळ येणार आहे. ती प्रश्न १९ मध्ये आहे, आणि तिथे तुमची खरंच गरज लागते.

७. पावडरचा डबा परवडत नाही. मिक्सरमधून केलेलं चालत नाही का?

भारतीय क्रिटिकल केअर सोसायटी तयार फॉर्म्युल्याला पसंती देते, मुख्यतः जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आणि प्रत्येक मिलीत किती काय आहे हे नक्की कळावं म्हणून. मिक्सरचं भांडं, चाळणी, हात, पाणी, यांपैकी कुठूनही जंतू येऊ शकतात.

पण आपल्याकडे सगळ्यांना रोजचे डबे परवडत नाहीत, हेही खरंच आहे. तेव्हा संकोच न करता आहारतज्ज्ञाला स्पष्ट सांगा. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मोजून-मापून केलेलं फीड देता येतं. अर्धा लिटर गाईच्या दुधात १६ ग्रॅम, एका उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम, असं जोडत जाऊन बरंच गाठता येतं, वर थोडी प्रथिनांची पावडर मिसळली की गणित जमतं. तयार केलेलं फीड खोलीच्या तापमानाला चार तासांहून जास्त टांगून ठेवायचं नाही. उरलेलं ओतून द्यायचं, जीव हळहळला तरी.

जिममध्ये घेतात ती पावडर स्वतःहून आणून देऊ नका.

८. आमच्या आईंनी आयुष्यात अंडं खाल्लं नाही. आणि एकादशीला काय करायचं?

शाकाहारावर १.३ ग्रॅम सहज गाठता येतं. बहुतेक फीड आणि प्रथिनांच्या पावडरी दुधातल्या प्रथिनांच्या असतात, केसीन किंवा व्हे. दूध फाटल्यावर जे पाणी सुटतं त्यातलं प्रथिन म्हणजे व्हे. दूध न चालणाऱ्यांसाठी सोयाबीनचे प्रकार मिळतात. काही खास फीडमध्ये माशाचं तेल असतं, म्हणून डब्यावरची हिरवी खूण पाहून घ्या आणि दाखल करतानाच सांगून ठेवा.

एकादशीला माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं आईंच्या नावानं घरातल्या सुनेनं उपास धरला आणि आईंचं फीड चालू ठेवलं. मला तो मार्ग फार आवडला. बेशुद्ध असलेल्या माणसाचा एक दिवसही उपास घडू देऊ नका.

९. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.१ आलंय. बाटली आणायला सांगितली. ते प्रोटीनच ना?

अल्ब्युमिन प्रथिनच आहे, पण रक्तातलं अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी, असं आयसीयूत समजू नये. शरीरात दाह उसळला की यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करतं आणि आहे ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. धडधाकट, चांगला खातापिता माणूस सेप्सिसनं दाखल झाला तरी दोन दिवसांत आकडा घसरलेला दिसतो. आजार ओसरला की तो आपोआप चढतो.

आता बाटली. २० टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. ते रक्तात अनेक दिवस फिरत राहतं, स्नायूंना त्यातून लगेच काही मिळत नाही. पोटातलं खूप पाणी काढल्यावर, यकृताच्या काही आजारांत, सेप्सिसमध्ये सलाईन फार द्यावं लागल्यावर, असे तिचे ठरलेले उपयोग आहेत. तेव्हा डॉक्टरांनी मागवली तर ती औषध म्हणून. फक्त "प्रोटीन कमी आहे, ताकदीसाठी" एवढंच कारण सांगितलं गेलं, तर नेमकं कशासाठी हे शांतपणे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दागिने गहाण ठेवून या बाटल्या आणलेली माणसं मी पाहिली आहेत.

१०. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी बिघडली म्हणतात. प्रोटीन बंद करायला हवं ना?

घरी वर्षानुवर्षं किडनीचा आजार असलेल्या, डायलिसिस न लागलेल्या माणसाला प्रथिनं कमी सांगतात. तो नियम आयसीयूत जसाच्या तसा लावता येत नाही. किडनीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०१२ पासून स्पष्ट म्हटलंय की डायलिसिस टाळण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी प्रथिनं तोडू नका.

डायलिसिस सुरू झालं की गरज वाढते. एका बैठकीत साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं निघून जातात. चोवीस तासांच्या संथ डायलिसिसमध्ये दिवसाला १० ते १५. म्हणून नेहमीच्या डायलिसिसवर किलोमागे १ ते १.५ ग्रॅम आणि संथ प्रकारात १.७ पर्यंत धरतात. इथे एक चूक वारंवार होते. डायलिसिस सुरू झालं तरी आधीचं "किडनीचं" कमी प्रथिनांचं फीडच पुढे चालू राहतं. ते बदललं का, हे विचारा.

मधली अवस्था अवघड आहे: किडनी नुकतीच बिघडली आहे, डायलिसिस अजून नाही. प्रश्न ५ मधल्या पहिल्या अभ्यासात नुकसान दिसलं ते अशाच रुग्णांत, खूप जास्त प्रथिनांनी. त्यामुळे तिथे बंदही नाही आणि अतिरेकही नाही, साधारण १ च्या आसपास राहून युरियावर नजर ठेवायची.

११. लिव्हर खराब आहे, बडबडतात, ओळखत नाहीत. प्रोटीननं अमोनिया वाढतो म्हणे?

जुनी समजूत, आणि तिनं अनेक यकृतरुग्णांना हाडांचा सापळा करून टाकलं. स्नायू स्वतः अमोनिया शोषून घेतात. ते झिजले की अमोनिया उलट वाढतो. आज १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलं जातं, भ्रम असला तरी. सोबत पोट साफ ठेवणारं लॅक्ट्युलोज चालू असतंच. दुधाची आणि डाळींची प्रथिनं अशा रुग्णांना बरी सोसतात.

१२. ताईचं वजन ९५ किलो आहे. अंगावर साठा आहेच, थोडे दिवस कमी दिलं तर काय बिघडलं?

साठा चरबीचा आहे. प्रथिनांचा साठा शरीरात कुठेच नसतो, असतात ते चालते-फिरते स्नायू. त्यामुळे लठ्ठ रुग्णाचे उष्मांक कमी करता येतात, प्रथिनं नाही. हिशोब थेट ९५ वर केला तर मात्र जास्त होतं. उंची १६० सेंटीमीटर असेल तर बाईमाणसाचं आदर्श वजन ५२ किलोच्या आसपास. युरोपीय पद्धतीत आदर्श वजनात जादा वजनाचा पाव भाग मिळवून १.३ नं गुणतात, उत्तर सुमारे ८२ ग्रॅम. अमेरिकी पद्धतीत आदर्श वजनाला २ नं गुणतात, १०४ ग्रॅम. मी सहसा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करते.

१३. आजोबा आधीच काडी झालेत, दहा दिवस काही खाल्लेलं नाही. तरी डॉक्टर एवढं थोडं थोडं का देतात? हे क्रूर वाटतं.

दिसायला क्रूर, पण जीव वाचवणारं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ब१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. अचानक भरपूर अन्न आलं की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तात उरलेसुरले हे क्षार पेशींत ओढले जातात. फॉस्फेट कोसळलं की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण मिळाल्यावर काही जण दगावले, तेव्हा हा प्रकार ठळकपणे लक्षात आला.

आपल्याकडे टीबी, कॅन्सर, दारूचं व्यसन, आणि घरी एकटे राहणारे वृद्ध यांत हे वारंवार दिसतं. अशा वेळी ब१ चं इंजेक्शन अन्नाच्या आधी किंवा सोबत देतात आणि फॉस्फेट रोज तपासतात. ते २ च्या खाली गेलं तर दोन दिवस अन्न न वाढवता थोडंच ठेवतात आणि क्षार भरून काढतात. घरी किती दिवस खाल्लं नव्हतं, दारू किती होती, हे लपवू नका. तुम्हाला दोष द्यायला कोणी विचारत नाही.

१४. फीड सारखं बंद दिसतं. विचारलं तर "स्कॅनला न्यायचंय" म्हणतात.

हाच माझ्या कामातला सगळ्यात मोठा शत्रू. स्कॅन, एक्स-रे, घशातून नळी काढणं, ट्रॅकिऑस्टोमी (गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवणं), आंघोळ, कूस बदलणं. प्रत्येक वेळी तास-दोन तास जातात, आणि पुन्हा सुरू करायचं राहून जातं. ताशी ६० मिलीनं चोवीस तासांत १,४४० मिली जायला हवं, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम प्रथिनं. सहा तास बंद राहिलं की ४३ वर येतं. कमी पडलेलं पावडरनं भरता येतं, किंवा राहिलेल्या तासांत वेग थोडा वाढवता येतो. पण कुणीतरी मोजायला हवं.

सिस्टरांवर चिडू नका, त्या एकाच वेळी दोन-तीन रुग्ण सांभाळत असतात. सकाळच्या भेटीत डॉक्टरांना एकच विचारा: "काल ठरलेल्यापैकी किती गेलं?" हा प्रश्न रोज विचारला जाऊ लागला की हिशोब आपोआप ठेवला जातो. पोटात थोडं फीड शिल्लक दिसलं म्हणून लगेच बंद करायची गरज नसते. सहा तासांत ५०० मिलीच्या वर साठत असेल तर थांबून औषध देतात.

१५. जुलाब लागलेत. प्रोटीन बाधलं का?

बहुधा नाही. अँटिबायोटिक्स, पोटॅशियमची आणि इतर गोड पातळ औषधं, आणि जंतुसंसर्ग ही कारणं आधी तपासतात. लगेच फीड बंद करणं हा उपाय नाही.

१६. नळीतून पचत नसेल तर शिरेतून देतात म्हणे. मग सरळ तेच का नाही?

देतात. अमिनो आम्लं, साखर, स्निग्धांश असलेली पिशवी सहसा मानेजवळच्या मोठ्या शिरेतून. १० टक्के अमिनो आम्लांच्या अर्ध्या लिटरमध्ये ५० ग्रॅम असतात. पण आतडं वापरात नसलं की त्याचं अस्तर दुबळं होतं, आणि शिरेतल्या नळीला संसर्गाचा धोका असतो. बेल्जियममधल्या ४,६४० रुग्णांच्या २०११ च्या अभ्यासात शिरेतून लवकर पोषण देण्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेले रुग्ण लवकर सावरले आणि त्यांना संसर्गही कमी झाले. म्हणून आतडं चालत असेल तर आतडंच.

१७. नेटवर ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लाबद्दल वाचलं. आणू का?

नको. अनेक अवयव निकामी झालेल्या १,२२३ रुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात ग्लुटामिन दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. भाजलेल्यांना उपयोग होईल अशी आशा होती. १,२०० रुग्णांच्या २०२२ च्या अभ्यासात तीही फोल ठरली.

१८. भाऊ ४० टक्के भाजला आहे. त्यालाही १.३ च का?

नाही, इथे नियम बदलतो. भाजलेल्या कातडीतून प्रथिनं अक्षरशः वाहून जातात, म्हणून प्रौढांना १.५ ते २ ग्रॅम धरतात. पोटाची शस्त्रक्रिया होऊन पोट उघडं ठेवलेलं असेल तर बाहेर येणाऱ्या प्रत्येक लिटर द्रवामागे १५ ते ३० ग्रॅम वेगळे मोजायचे. पाठीला बेडसोर झाला असेल तर १.२ ते १.५, सोबत दर दोन तासांनी कूस बदलणं. त्याशिवाय नुसत्या प्रथिनांनी ती जखम भरत नाही.

१९. व्हेंटिलेटर निघाला! आता बाबा तोंडानं खातात. नाकातली नळी काढा ना.

आनंदाची बातमी, आणि नेमका इथेच घात होतो. घसा सुजलेला, चव गेलेली, हात थरथरणारे, मन सुन्न. घशातली श्वासाची नळी काढल्यावरच्या पहिल्या आठवड्यात रुग्ण गरजेच्या निम्मंही खात नाहीत, असं अभ्यासांत दिसलं आहे आणि रोजच्या कामातही दिसतं. आधी गिळण्याची तपासणी होऊ द्या. मग दोन-तीन दिवस तोंडानं किती जातं ते लिहून काढा. रात्री नळीतून फीड आणि दिवसा तोंडानं, असा दुहेरी मार्ग चांगला चालतो.

आता तुमचा डबा. पातळ वरणाऐवजी घट्ट मुगाचं कढण, दुधात शिजवलेली नाचणी, मऊ पनीर घातलेली खिचडी, उकडलेलं अंडं कुस्करून, भाकरीऐवजी दूध-भात, दह्याची घट्ट लस्सी. खाणाऱ्यांना मऊ मासा. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, आणि समोर बसून. चहा-बिस्किटानं पोट भरू देऊ नका.

२०. घरी आल्यावर हे किती दिवस चालवायचं?

महिने. निदान तीन, बऱ्याचदा सहा. गमावलेला स्नायू अन्नासोबत वापरला तरच परततो, म्हणून फिजिओथेरपी आणि प्रथिनं ही जोडी सोडू नका. खुर्चीतून हात न टेकता दिवसातून किती वेळा उठता येतं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वजनाच्या काट्यापेक्षा ते खरं सांगतं. किडनी किंवा यकृताचा आजार उरला असेल तर प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

२१. डॉक्टर म्हणतात, आता आशा नाही. फीड बंद केलं तर आम्ही आईला उपाशी मारलं असं होईल का?

नाही. शरीर मिटत आलं की भूक आणि तहान मंदावतात. त्या वेळी बळेच दिलेलं फीड पचत नाही; पोट फुगतं, घशात घरघर वाढते, अंगावर सूज येते. आजारानं माणूस जातो, फीड थांबवल्यामुळे नाही. निर्णय डॉक्टरांशी आणि घरातल्या सगळ्यांशी बोलून घ्या, घाई करू नका. एखाद्याचं मन तयार नसेल तर थोडं फीड चालू ठेवायलाही डॉक्टर बहुधा तयार होतात.

ओठ आणि जीभ कोरडी पडू देऊ नका. स्वच्छ ओल्या कापसानं दर तासाला ओठ पुसा, वर थोडं तूप लावा. गंगाजलाचा थेंब किंवा तुळशीचं पान ठेवायचं असेल तर सिस्टरांना सांगा, त्या डोकं जरा उंच करून देतील.